राऊळ बाईंचा राखणदार

ज्या बाईंनी देवबागपासून तारकर्लीपर्यंतच्या दोन पिढ्यांना फ्ल्यू शिकवला, त्या राऊळ बाई गेल्या वर्षी फ्ल्यूनेच गेल्या. आमच्याकडे माणूस गेला की लगेच चांगला होतो. भाच्याने तेरावा घातला, तेव्हा पानावर बसलेली मंडळी एकमेकांना सांगत होती, की बाई तोंडाने फटकळ पण मनाने लोणी. मी मान खाली घालून काळ्या वाटाण्याची उसळ खात राहिले. शाळेत मी मराठी शिकवत होते आणि शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची बाईंच्या खुर्चीला लागून होती. नोकरीचं सगळं आयुष्य त्यांच्या शेजारी काढलं, लोणी काही मला दिसलं नाही.

बाईंना दमा होता. म्हणून दर वर्षी पावसाच्या आधी त्या फ्ल्यूची लस टोचून घेत आणि इतरांनाही घ्यायला लावत. गेल्या वर्षी मात्र त्यांनी ती घेतली नाही. लस घरात आलेली होती, टोचणारी मुलगी अंगणात उभी होती. तरी घेतली नाही, आणि त्यातच गेल्या. हे असं का झालं, ते मला ठाऊक आहे. ते सांगताना बाईंची बाजू सावरून घ्यायचा माझा विचार नाही. त्यांनी कुणाची सावरली होती?

दिसायला बाई उंच आणि काटकुळ्या. सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि मुठीत निलगिरीचे थेंब टाकलेला रुमाल. आवाज बारीक. त्या कधी ओरडल्या नाहीत. ओरडणारे मास्तर पोरांना परवडतात, कारण ते दमतात. बाई दमत नसत. त्या खारेपाटणकडच्या, भातशेतीच्या घरातल्या. म्हणजे मालवणी काही त्यांना परकी नव्हती. पण किनाऱ्यावर आल्यापासून त्यांनी ती बोली तोंडातून पार काढून टाकली होती. मासळीवालीलाही विचारायच्या, "हे बांगडे आजचे आहेत का?" त्यावर ती एकदा म्हणाली होती, "नाय गो बाय, तू येतलंस म्हणान कालपासून धरून बसलंय." बाईंनी त्यानंतर तिच्याकडून मासळी घेतली नाही. ती म्हातारी होऊन तिची सून टोपली घेऊन बसू लागली, तरी नाही.

नववीचा वर्ग नवा आला, की बाई पहिल्या दिवशी प्रत्येक पोराला उभं करून एकच प्रश्न विचारत. "कोणाचा तू?" पोरगं बापाचं नाव सांगे. तो बापही याच शाळेत शिकलेला असायचा, आणि बाईंच्या डोक्यात तो जसाच्या तसा शिल्लक असायचा. "तांडेलाचा का? तुझ्या बापाने सहामाहीच्या पेपरात हृदयाच्या जागी होडी काढली होती. शीड मात्र सुरेख होतं. तू काय काढणार आहेस?" वर्ग हसायचा. पोराचे कान लाल व्हायचे. "बस. पुढचा." मुलाचं स्वतःचं नाव त्या विचारत नसत. नाव हजेरीपटाने लक्षात ठेवावं, चेहरा मी ठेवते, असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं त्या मुलांच्या भल्यासाठी करत होत्या, असं त्यांना मनापासून वाटत असे. शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता त्या आम्हाला ते समजावूनही सांगत. "मी बोलते ती लस आहे हो. उद्या जगात बाहेर पडल्यावर याहून वाईट बोलणारे भेटतील. तेव्हा या पोरांना ताप येणार नाही." आमचे चित्रकलेचे मास्तर फार हळवे होते. संमेलनासाठी त्यांनी वर्षभर राबून रंगवलेल्या समुद्राच्या पडद्यापुढे उभं राहून बाई म्हणाल्या होत्या, "समुद्र छान आलाय, फक्त ओला वाटत नाही." मास्तरांनी पुढे संमेलनाचा पडदा कधी रंगवला नाही. मी बाईंना म्हटलं, की तुमच्या लसीने मास्तर लुळे पडले. त्या म्हणाल्या, "काही शरीरं मुळातच कमजोर असतात." पण त्यांच्याच धड्यात शिकवलेली गोष्ट अशी, की लसीतला विषाणू मेलेला असतो. बाईंच्या तोंडून निघायचा तो चांगला जिवंत असायचा.

आता त्यांचं शिकवणं. त्याबद्दल खोटं बोलता येणार नाही. ते असलं होतं, की खिडकीबाहेर किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढलं जात असतानाही पोरं फळ्याकडे बघत. शाळेच्या मागे सुरंगीच्या झाडाखाली राखणदाराचा दगड आहे. गावाची राखण करणारा, वर्षाला नारळ घेणारा. बाईंना त्या दगडाचा मनस्वी राग. पण रोगप्रतिकाराचा धडा आला, की त्या मुलांना त्याच दगडासमोर नेऊन उभं करत.

"हा तुमचा राखणदार. याला नारळ द्या नाहीतर देऊ नका, हा काही कुणाला अडवणार नाही. खरा राखणदार तुमच्या रक्तात आहे. फ्ल्यू नाकातून येतो. पहिल्यांदा येतो तेव्हा त्याला ओळखणारं कुणी नसतं, म्हणून तो घरात शिरून आपलीच माणसं कामाला लावतो, आपल्याच पेशींकडून आपली पिल्लावळ तयार करून घेतो. मग पहारेकरी पेशी त्याला खातात, आणि त्याच्या अंगरख्याचा एक तुकडा तोंडात धरून गावभर दाखवत फिरतात. हा बघा, असा दिसतो. ते बघून काही पेशी त्याच्या मापाच्या बेड्या घडवायला बसतात. त्या बेड्या म्हणजे प्रतिपिंडं. बेडी बसली, की विषाणूला पेशीचं दार उघडता येत नाही. दुसऱ्या काही पेशी मारेकरी असतात. त्या बाधा झालेल्या आपल्याच पेशींना शोधून मारतात. हो, आपल्याच. घर वाचवायचं तर घरातली बिघडलेली माणसं मारावी लागतात. तुम्हाला जो ताप येतो, अंग मोडून येतं, ते बरंचसं शत्रूचं काम नसतं. ती आपल्याच पहाऱ्याची धावपळ असते."

मग एखादं पोर विचारी, की बाई, बेड्या तयार झाल्या तर परत फ्ल्यू का होतो?

"कारण तो दर वर्षी अंगरखा बदलून येतो. थोडी बाही वेगळी, थोडा गळा वेगळा. जुनी बेडी सैल पडते. म्हणून दर वर्षी नवी लस. लस म्हणजे चोर येण्याआधी पहारेकऱ्याला दाखवलेला त्याचा यंदाचा अंगरखा. बेड्या घडायला दोनेक आठवडे लागतात, तेव्हा चोर दारात आल्यावर लस घ्यायला धावू नका. आणि लसीने फ्ल्यू झाला असं कुणाच्या आईने घरी सांगितलं, तर तिला माझ्याकडे पाठवा. लसीने दंड दुखेल, कणकण येईल. ती तालीम असते."

आणि शेवटी, आवाज आणखी बारीक करून, त्या एक जास्तीची गोष्ट सांगत. ही गोष्ट पुस्तकात नव्हती, त्यांनी कुठेतरी वाचलेली होती. "शरीराची एक खोड आहे. लहानपणी जो फ्ल्यू पहिल्यांदा भेटतो, तो त्याच्या मनावर कोरला जातो. पुढे आयुष्यभर कुठलाही नवा फ्ल्यू आला, तरी शरीर आधी त्या पहिल्याच्याच बेड्या काढून बसतं. समोर उभा आहे वेगळाच, आणि हे लढतंय जुन्याशी. शरीर हुशार आहे, पण या एका बाबतीत मूर्ख आहे." हे सांगताना बाई गालात हसत. मी दरवाजातून कितीतरी वेळा ऐकलेलं आहे. आपण काय बोलतो आहोत ते त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही.

बाईंचा तो पहिला फ्ल्यू म्हणजे बाबल.

हे मला कळलं ते बाबलाची मुलगी जुई आमच्या शाळेत आली त्या वर्षी. बाबल देवबागचा, पूर्वी वडिलांबरोबर मासेमारीला जाणारा आणि आता पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला होडीतून नेणारा. मोठा गोड माणूस, येताजाता हाक मारणारा. प्रवेशाच्या दिवशी तो मुलीला घेऊन आला, बाईंच्या पायाही पडला. "बाई, माझा चेडू. ह्येका तुमच्यासारख्या सायन्स व्हया." बाईंनी पाय मागे घेतले. दुपारी खोली रिकामी झाल्यावर त्या एकदम मला म्हणाल्या, "या माणसाने राखणदारासमोर माझ्या मरणाचं गाऱ्हाणं घातलं होतं."

नोकरीच्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. बाई तेव्हा कोवळ्या, एकट्या, तारकर्लीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या. एके दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या मागून आवाज आला म्हणून त्या बघायला गेल्या. सुरंगीखाली नववीची मुलं गोल करून उभी होती, मध्ये नारळ हातात धरून बाबल, अगदी गावच्या मानकऱ्याच्या थाटात.

"बा राखणदारा, ही जी नवीन बाई आमच्या बोकांडी बसली हा, तिका ताप भरांदे!"

"व्हय म्हाराजा!"

"तिची जीभ वळाक नको, पाय हडे फिराक नको!"

"व्हय म्हाराजा!"

"बाई गेली तर तुका आणखी नारळ देतंव!"

"व्हय म्हाराजा!"

अख्खा वर्ग ओरडत होता. पहिल्या बाकावरच्या, बाईंच्या लाडक्या मुलीसुद्धा. बाई भिंतीआडून तशाच परत फिरल्या आणि त्याच आठवड्यात त्यांना सणसणून फ्ल्यू झाला. खोलीत त्या एकट्या पडून होत्या. घरमालकीण दाराबाहेर पेज ठेवून पळायची. त्या तापात छातीत जो कफ बसला, तो पुढे दमा होऊन राहिला. "गाऱ्हाण्याने ताप येत नाही, हे मला कळतं," बाई म्हणाल्या. "मी विज्ञानाची शिक्षिका आहे. पण त्या मुलांचे चेहरे मी पडल्या पडल्या रोज बघत होते. तेव्हापासून समोर वर्ग बसला की मला आवाज येतो. व्हय म्हाराजा."

मला त्यांची कीव आली, हे खरं. आणि भीती वाटली, हेही तितकंच खरं. कारण खिडकीतून समोर जुई दिसत होती, नव्या दप्तराचे बंद ओढून बघत असलेली.

जुई बापासारखी नव्हती. बाबल बोलका, ही अबोल. अक्षर सुबक, डोळे सतत पुस्तकात. विज्ञानाच्या तासाला ती पुढच्या बाकावर बसायची आणि बाईंचा शब्द न शब्द उतरवून घ्यायची. तिला नर्स व्हायचं होतं. बाईंवर तिचा जीव होता, हे आमच्या शिपायालाही कळत होतं. बाईंना फक्त तिचं नाक दिसत होतं. ते नाक बाबलाचं होतं, त्याला तिचा इलाज नव्हता.

त्या वर्षी बाईंनी फ्ल्यूच्या धड्याचा खेळ केला. वर्ग म्हणजे शरीर. दोन मुलं दारात पहारेकरी. विषाणू म्हणून बाईंनी जुईला उभं केलं आणि तिच्या डोक्यावरून लाल ओढणी घातली. पहिल्यांदा ती वर्गात शिरली, तेव्हा कुणी अडवलं नाही. दुसऱ्यांदा पोरांनी ओढणी ओळखून तिला दारातच धरलं. मग बाईंनी ओढणी बदलून हिरवी दिली. पहारेकरी गोंधळले, जुई आत आली. इतकं झाल्यावर धडा संपला होता. जुई हसत होती. खेळात आपल्याला घेतलं याचाच तिला आनंद झाला होता.

बाई म्हणाल्या, "फसलात ना? ओढणी बघू नका. नाक बघा. हे बाबलाचं नाक आहे. हा विषाणू मी फार जुना ओळखते, तो कुठल्याही अंगरख्यात आला तरी विषाणूच. चेहरा लक्षात ठेवा." आणि पोरांना म्हणाल्या, "धरा तिला."

पोरांनी धरली. कुणी वेणी धरली, कुणी ओढणी. ती पडली. वर्ग हसत होता. त्या दिवसापासून शाळेत जुईचं नाव फ्लू पडलं. "फ्लू इली रे, नाक झाका!" डबा खायला तिच्याजवळ कुणी बसेना. आमच्याकडे पडलेलं नाव माणसाला सरणापर्यंत पोचवतं. दहावीच्या निरोप समारंभात आभार मानायला तिचं नाव पुकारलं, तर मागून सगळे शिंकले.

मध्ये एकदा जुईची आई शाळेत आली होती. बाजारातून तशीच आलेली, साडीला मासळीचा वास. शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "बाई, माझ्या चेडवाक सगळी फ्लू म्हणतत. कोण वांगडा बसणा नाय तिच्या. घराकडे येऊन जेवणा नाय ता. तुमी वायच पोरांका सांगा."

बाईंनी निलगिरीचा रुमाल नाकाला लावला. "म्हणजे संसर्ग झालेल्यापासून लांब बसावं, हे मुलांच्या लक्षात राहिलं तर. मी शिकवलेलं इतकं कुणाच्या लक्षात राहत नाही हो. छान." जुईची आई बघत राहिली. तिला वाक्य कळलं नसावं, पण रुमाल कळला. ती दारातून मागे सरली आणि जिन्यावरून उतरताना पदराचा वास घेऊन बघत होती. मला त्या क्षणी बाईंच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. बाई मात्र खुशीत होत्या. त्या दिवशी चहा त्यांनी पाजला.

जुई तरीही नर्स झाली. बाईंमुळे नव्हे. बाई निवृत्त झाल्या, मीही झाले, आणि काही वर्षांनी आमच्याच उपकेंद्रावर पांढरा कोट घालून जुई आली. अजूनही कमी बोलणारी, पण हात इतका हलका, की तान्ही पोरं टोचल्यावर आधी बघत राहतात आणि मग आठवण झाल्यासारखी रडतात. गावातली तिच्या वयाची माणसं तिला अजून फ्लूच म्हणत. "फ्लूकडे जाऊन बीपी बघून येतंय," असं. ती ओ देत असे.

बाईंना लस टोचणारे मालवणचे म्हातारे डॉक्टर दवाखाना बंद करून लेकीकडे राहायला गेले. बाईंचा दमा तोवर बराच वाढला होता, आंघोळ केली तरी धाप लागे. तेव्हा गेल्या वर्षी मे महिन्यात मीच खटपट केली. औषधाच्या दुकानातून लस घेतली, थंड पिशवीत घालून आणली. दुकानदाराने निघताना बजावलं, की शेजाऱ्याच्या मासळीच्या बर्फात ठेवू नका, गोठली की फुकट गेली. आमच्याकडे लोक काहीही बर्फात ठेवतात. उपकेंद्राच्या कामातून सवड काढून जुई बाईंच्या घरी यायला कबूल झाली. मी तिला विचारलं, "तुका चलात मां?" ती म्हणाली, "पेशंट आसत त्या. चलाक काय झाला?"

बाई पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. बाही वर सरकवून तयार. जुई अंगणातून आली, पायरीशी चपला काढल्या. बाईंनी चष्म्यातून वर पाहिलं.

"कोणाची तू?"

"बाबलाची, बाई."

बाईंनी बाही खाली केली. मी म्हटलं, "अहो, लस आपण आणलेली आहे, ती फक्त टोचणार आहे." बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सुई कोणाच्या हातात आहे, ते आधी बघावं लागतं."

जुईने हातातला डबा पडवीच्या कठड्यावर ठेवला. मग म्हणाली, "बाई, सुयेक हात कळणा नाय. तुमीच शिकवलास. यंदाचो अंगरखो दाखवलो, की झाला. पावस पडाच्या आधी घेतलास तर बरा. छाती बरी नाय तुमची."

इतकं ती आयुष्यात बाईंशी पहिल्यांदाच बोलली असेल. बाईंचा धडा ती बाईंनाच परत देत होती, आणि त्यात टोमणा नव्हता. बाईंची बोटं बाहीच्या कडेवर गेली. मला वाटलं, घेतील.

"पाठांतर चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "बापाचंही होतं. सगळं गाऱ्हाणं तोंडपाठ होतं त्याचं." आणि माझ्याकडे बोट करून, "यांना टोच. यांना कुणीही टोचलं तरी चालतं. फुकट कशाला घालवायची?"

त्याच पडवीत, बाईंच्या समोर, बाईंची लस मी घेतली. जुईने कापूस दाबून धरला, डबा बंद केला आणि चपला घालून निघून गेली. तिने रागही दाखवला नाही, याचा मला जास्त त्रास झाला. मागाहून मी बाईंना चार वेळा म्हटलं, की रिक्षा करू, मालवणला दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ. बघू, पाऊस उघडला की जाऊ, असं करत श्रावण संपला.

गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले, आणि त्यांच्याबरोबर खोकला आला. बाई फाटकावर उभ्या राहून एकेकाला परत पाठवत होत्या. नाकाला रुमाल नसेल त्याला प्रसादसुद्धा बाहेरूनच. पण भाचा बायकामुलांना घेऊन आला, तेव्हा त्याची लहान मुलगी पळत येऊन बाईंच्या गळ्यात पडली. तिला सर्दी होती, नाकाखाली शेंबूड वाळलेला. मी समोरच होते. बाईंनी आपल्या पदराने तिचं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "राऊळांचं नाक आहे हो." त्या पोरीला त्यांनी दिवसभर मांडीवरून उतरू दिलं नाही. मलाही नंतर सर्दी झाली, चार शिंका आल्या आणि गेल्या. बाई गौरी विसर्जनाच्या दिवशी अंथरुणाला लागल्या.

ओठ निळसर दिसायला लागले, तेव्हा मी जुईला फोन केला. ती आली, तिच्यामागून बाबल पर्यटकांची गाडी घेऊन आला. त्यानेच बाईंना उचललं. देवबागच्या अरुंद रस्त्यावर तो पुढे हॉर्न वाजवत, लोकांना शिव्या घालत गाडी हाकत होता, आणि मागे जुई बाईंना टेकवून धरून बसली होती. मालवणच्या दवाखान्यात प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणाले, की फ्ल्यू छातीत उतरला आहे, गोव्याला हलवायची तयारी करा. आम्ही गाडीची वाट बघत होतो.

बाईंनी मास्क बाजूला केला. बाबल खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याच्याकडे बघत, एकेका शब्दाला थांबत त्या म्हणाल्या, "झालं... तुझ्या... मनासारखं?"

बाबलाला कळेना. "काय बाई?"

"गाऱ्हाणं. सुरंगीखाली. मला ताप भरू दे म्हणून."

बाबल कपाळाला आठ्या घालून आठवत राहिला. मला त्याचा तो चेहरा अजून दिसतो. तो खरोखर आठवत होता. मग एकदम हसला, मोकळं, जुन्या मजेची आठवण निघावी तसं.

"अरे देवा, तां होय! बाई, तां आमी सगळ्याच मास्तरांचा घालत होतंव! नवीन मास्तर इलो, की एक गाऱ्हाणा. आमच्या मोठ्या भावाशीनीय घातलेली, त्यांच्या आधीच्यांनीय. खोबऱ्यासाठी, बाई! नुसतो नारळ फोडलो तर घरातली मारीत. राखणदाराक दिलो म्हटल्यार कोण काय बोलणा नाय. फोडूचो आणि खावचो." आणि बाईंची समजूत काढावी म्हणून तो पुढे म्हणाला, "तुमचा तर नावपण नव्हता त्यात. नवीन बाई, इतक्याच. तुमचा नाव आमका खंय ठावक होता तेव्हा?"

खोबऱ्यासाठी. बाईंनी आयुष्यभर ज्याच्यासाठी बेड्या घडवल्या, तो चोर नव्हताच; एक भुकेलं पोरगं होतं आणि त्याला त्यातलं काही आठवतही नव्हतं. मला वाटलं होतं, असं काही कधी घडलं तर मला बरं वाटेल. नाही वाटलं. बाबल अजून हसत होता, आणि त्याला थांबवावं असं माझ्या मनात आलं, पण तो तर प्रेमानेच हसत होता. मग गाडी आली का ते बघायला तो बाहेर गेला.

जुई खाटेशी वाकून मास्क परत लावायला लागली. बाईंनी तिचं मनगट धरलं. त्या तिच्याकडे बघत होत्या, कपाळ, डोळे, हनुवटी, सावकाश, नवीन वर्गाकडे बघावं तसं. हे त्यांनी आधी कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. ओठ हलले. मी जवळ होते, म्हणून ऐकू आलं.

"तुझं... नाव काय गं?"

जुईने मनगट हळूच सोडवून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

"फ्लू, बाई," ती म्हणाली, आणि मास्कचा पट्टा बाईंच्या कानामागे नीट बसवून पलीकडच्या खाटेकडे गेली. तिथे एक म्हातारी मघापासून पाणी मागत होती.